पूर येण्याआधी आपल्या घराचा आकडा काढून ठेवा



राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या चहाच्या गाड्यावर "पाऊस किती झाला?" यापेक्षा "फूट किती झाले?" हाच प्रश्न जास्त ऐकू येतो. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पंचगंगेनं पुन्हा ५५ फूट ओलांडले.

हे आकडे टीव्हीवर दिसतात, मोबाईलवर येतात. पण ते नदीचे आकडे आहेत. बंधाऱ्यावर किती फूट झाले म्हणजे आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे आम्ही वस्त्यांमध्ये विचारतो तेव्हा दहा घरांत एखादीच आजी नेमकं सांगते. बाकीची घरं पाणी दारात दिसेपर्यंत थांबतात. तोवर वस्तीतून बाहेर पडायचा रस्ता बहुतेक वेळा बुडालेला असतो. मग रात्रीच्या अंधारात, कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेऊन, बोटीची वाट बघत छपरावर बसायची वेळ येते.

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही एकच गोष्ट नीट सांगणार आहोत. आपल्या घराचा आकडा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवायचा आणि त्या आकड्यावर घर सोडायचं. बाकीची तयारी याच एका निर्णयाभोवती करायची.

पाणी आपल्याकडे आधी का येतं?

गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. देऊळ, चावडी, वाडे उंचावर. आपली वस्ती बऱ्याच गावांत ओढ्याच्या बाजूला, नदीच्या उताराला, सखल जागेत. शहरात आलो तरी नाल्याच्या कडेची, रेल्वेरुळालगतची, खाडीजवळची जागाच वाट्याला आली. ही जागा आपण निवडलेली नाही, ती ठरवून दिलेली आहे. त्यामुळे पाणी आपल्याकडे सगळ्यांत आधी येतं आणि सगळ्यांत शेवटी जातं.

त्यात ओढ्याची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नदी भरून वाहू लागली की ओढ्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागे फिरतं. याला फुगवटा म्हणतात. नदी अजून लांब दिसत असते, पाऊसही थांबलेला असतो आणि तरीही मागच्या बाजूनं ओढ्यातून पाणी घरात येतं. "ऊन पडलंय, आता कसला पूर" असं म्हणून निर्धास्त झालेली घरं अशीच सापडतात. वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की खाली ऊन असतानाही नदी चढते.

घराचा आकडा कसा काढायचा?

त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर, विजेच्या खांबावर, शाळेच्या ओट्यावर कुठेतरी असते. नसली तर वस्तीतल्या जाणत्या माणसांना विचारा. पाणी कुठल्या दिवशी, कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं? त्या दिवशी बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट होतं? हे तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीत किंवा पाटबंधारे खात्याच्या कर्मचाऱ्याकडे विचारता येतं. जुन्या वर्तमानपत्रांतही सापडतं.

आता दोन आकडे कागदावर लिहा. पहिला घराचा आकडा: किती फुटांना उंबऱ्याला पाणी लागतं. दुसरा रस्त्याचा आकडा: किती फुटांना वस्तीतून बाहेर जाणारा रस्ता, ओढ्यावरची फरशी किंवा मोरी पाण्याखाली जाते. रस्त्याचा आकडा जवळजवळ नेहमीच घराच्या आकड्यापेक्षा कमी असतो. समजा बंधाऱ्यावर ४५ फूट असताना तुमच्या दारात पाणी येतं, पण फरशी ४२ फुटांनाच बुडते. मग तुमच्या दृष्टीनं ४५ हा आकडा कामाचा नाही. तुम्हाला ४२ च्या आधी निघायचं आहे. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान मूल, आजारी माणूस किंवा जनावर असेल तर त्याहून दोन फूट आधी, म्हणजे ४० ला. हा ४० चा आकडा दाराच्या मागे खडूनं मोठा लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाला तो पाठ हवा, शाळकरी पोरांनाही.

पण सगळ्या नद्या सारख्या वागत नाहीत. पंचगंगा आणि कृष्णा इंचाइंचानं चढतात, त्यामुळे वेळ मिळतो. कोकणात तसं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये आणि सावित्रीचं पाणी महाडमध्ये काही तासांतच शिरलं. घाटावर मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर नदीचं पाणी उतरायला जागाच राहत नाही. तिकडच्या वाचकांनी फुटांबरोबर भरतीची वेळ बघावी. अतिवृष्टीचा लाल इशारा असेल तर रात्रीची वाट न बघता दिवसाउजेडीच म्हातारी माणसं आणि मुलं उंचावर हलवावीत. विदर्भात वैनगंगेची तऱ्हा आणखी वेगळी. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातून आलेलं पाणी आणि गोसेखुर्दचा विसर्ग यामुळे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत पूर आला. तिथं वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याची बातमी हाच इशारा समजायचा.

मुंबई-ठाण्याची गोष्ट आणखी वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. नाल्याकाठच्या वाचकांनी नाल्याच्या भिंतीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. पाणी रेघेला लागलं आणि भरती अजून यायची असेल तर खालचं घर सोडून वर जायचं.

माणसं घर का सोडत नाहीत?

"लोक ऐकतच नाहीत" असं अधिकारी सांगतात. आम्ही लोकांना विचारलं तेव्हा कारणं साधी निघाली. घर उघडं टाकलं तर चोरी होईल. म्हैस कुठं न्यायची? रोजगार बुडेल. निवारा केंद्रात चारशे माणसांत दोनच संडास, तरण्या पोरीला तिथं कसं ठेवायचं? मागच्या वेळी गेलो आणि पाणी आलंच नाही, लोक हसले.

यातलं प्रत्येक कारण खरं आहे, आणि प्रत्येकावर पाऊस सुरू होण्याआधी तोड काढता येते. जनावरं माणसांच्या आधी हलवायची. ज्या पाहुण्याच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात न्यायची, त्याच्याशी जूनमध्येच बोलून ठेवायचं. ऐनवेळी हलवणं जमलं नाही तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, मोकळं जनावर वाट शोधतं. चोरीच्या भीतीसाठी वस्तीतल्या तरुण मंडळानं पाण्याबाहेरच्या टोकाला आळीपाळीनं पहारा ठेवावा, पोलीस पाटलांना तसं कळवावं. एकट्या माणसानं घर राखायला मागे थांबू नये. आणि पाणी आलं नाही तर चांगलंच झालं. दोन दिवस पाहुण्यांकडे राहून परत आलो, एवढंच.

उशीर झाला की काय होतं हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला महाराष्ट्रानं पाहिलं. चहूबाजूंनी वेढा पडल्यावर क्षमतेपेक्षा जास्त माणसं एका बोटीत बसली. बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. त्या माणसांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पाणी दारात आलेलं असताना समोर आलेल्या पहिल्या बोटीत कुणीही बसेल. ती वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून आकड्यावर निघायचं.

औषधांची पिशवी

आम्ही परिचारिका असल्यामुळे आधी औषधांचंच बोलतो. पुराच्या दिवसांत बुडून जाणाऱ्या माणसांची बातमी होते. गोळ्या चुकल्यामुळे दहा दिवसांनी अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाची बातमी होत नाही.

घरात ज्यांना रोजच्या गोळ्या आहेत, त्यांच्या किमान १५ दिवसांच्या गोळ्या जून ते सप्टेंबर कायम शिल्लक हव्यात. डब्यात आठ दिवसांच्या उरल्या की नव्या आणायच्या, संपेपर्यंत थांबायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळत असतील तर पावसाळ्यापुरत्या जास्त दिवसांच्या द्या असं आधीच सांगून ठेवा. गोळ्यांची पाकिटं झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. डब्यातच एका कागदावर माणसाचं नाव, वय, आजार, गोळ्यांची नावं, कोणती गोळी कधी आणि कशाची ॲलर्जी आहे ते लिहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाईलमध्ये फोटो काढा.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, दमा, थायरॉइड आणि हृदयाच्या गोळ्या एक दिवसही सोडू नका. फिट्सची गोळी अचानक बंद झाली तर झटका येतो, आणि पाण्यात झटका आला तर माणूस जातो.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी: वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, पण उन्हात किंवा चुलीजवळ नको. प्लास्टिकच्या डबीत घालून ती ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा. सुया पुरेशा घ्या. वेळेवर जेवण मिळेलच असं नाही, म्हणून खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवा. दरदरून घाम, थरथर, गरगरणं सुरू झालं की आधी गोड खा.

क्षयरोगाचे आणि एआरटीचे रुग्ण असतील तर आपलं कार्ड बरोबर घ्या. ही औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि अडचणीच्या वेळी दुसऱ्या केंद्रातूनही मिळण्याची सोय होते. निवारा केंद्रात हे डॉक्टरला किंवा आशाताईला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत जाहीर करायला कुणीही भाग पाडू शकत नाही.

विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंडी, भिजणं, पाणी कमी पिणं, थकवा या चारही गोष्टींनी सिकलसेलच्या माणसाला वेदनांचा झटका येतो, आणि पुरात या चारही एकत्र येतात. अशा घरानं सगळ्यांच्या आधी निघावं. कोरडे गरम कपडे, घोंगडी, भरपूर पिण्याचं पाणी, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिलेल्या बाकीच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. ताप आला किंवा छातीत दुखू लागलं तर थेट दवाखाना गाठावा.

गरोदर बाईचे दिवस भरत आले असतील तर आकड्याची वाट बघू नका. दोन आठवडे आधीच तिला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवा. गडचिरोलीसारख्या भागात आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघराची सोय असते, त्याची चौकशी आशाताईकडे करा. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याच पिशवीत हवं. अंगावर पिणाऱ्या बाळाला अंगावरच पाजत राहा. मदतीत आलेली दूध पावडर आणि बाटली घेऊ नका, कारण पुरात स्वच्छ पाणी आणि स्वच्छ बाटली दोन्ही मिळत नाहीत आणि बाळाला जुलाब लागतात.

औषधांबरोबर हेही घ्या: पॅरासिटॅमॉल, ओआरएसची पाकिटं, जंतुनाशक मलम, कापूस आणि पट्टी, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर, साबण, पाळीच्या दिवसांसाठी पॅड किंवा स्वच्छ कोरडे कपडे, म्हाताऱ्यांचा चष्मा, कवळी, काठी आणि कानाचं यंत्र. खायला चुरमुरे, भडंग, फुटाणे, शेंगदाणे-गूळ. पाणी माणशी रोज निदान तीन लिटर. टॉर्च, शिट्टी, दोरी, चार्ज केलेली पॉवर बँक. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहिलेले, कारण मोबाईल बंद पडला की कुणालाच कुणाचा नंबर आठवत नाही.

कागदांची पिशवी

आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आयुष्मान कार्ड, घरपट्टीची पावती, सातबारा, दिव्यांग प्रमाणपत्र ही कागदपत्रं तर घ्यायचीच. पण आपल्या घरांत आणखी एक कागद असतो. पोरांचा जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. त्यामागे असतो आजोबांचा किंवा पणजोबांचा १९५० पूर्वीचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा जुना दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद. आधार कार्ड पुन्हा काढता येतं. पण ज्या शाळेचं जुनं दप्तरच पुरात गेलं, तिथला दाखला पुन्हा मिळवायला वर्षं जातात. आणि पूर येतो तो नेमका प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत. एका भिजलेल्या कागदापायी पोरीचं वर्ष वाया जाऊ शकतं.

म्हणून हे सगळे कागद आत्ताच दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत एक अशा, हवा काढून घट्ट बांधून ठेवा. प्रत्येकाचा मोबाईलमध्ये फोटो काढून बाहेरगावच्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला पाठवा. जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात ते घरातल्या शिकलेल्या पोराकडून उतरवून घ्या. जुन्या नोंदींच्या साक्षांकित प्रती काढून दुसऱ्या घरी ठेवा.

घराचेही फोटो काढा: चारही भिंती, भांडीकुंडी, शिलाई मशीन, फ्रिज, सायकल. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी "तुमच्या घरात एवढं होतं कशावरून?" हा प्रश्न गरिबालाच विचारला जातो. पुराआधीचा फोटो आणि पुरानंतर भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो हे दोन्ही असले म्हणजे बोलता येतं.

औषधांची पिशवी आणि कागदांची पिशवी जून ते सप्टेंबर दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली हवी. कोणती पिशवी कुणी उचलायची, म्हाताऱ्या सासूबाईंचा हात कुणी धरायचा, धाकट्याला कुणी घ्यायचं, हे माणसागणिक ठरवून ठेवा.

निघताना

मेन स्विच बंद करा. ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून नाही, पाणी यायच्या आधी. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा. धान्य, गाद्या, पुस्तकं माळ्यावर किंवा बाजेवर उंच ठेवा, पण त्यात निघायची वेळ घालवू नका. कीटकनाशक आणि फवारणीचं औषध उंच, बंद डब्यात ठेवा, नाहीतर ते पाण्यात मिसळतं. दाराला कुलूप लावा आणि आपण कुठं चाललो ते शेजाऱ्याला आणि पोलीस पाटलांना सांगा.

वाहत्या पाण्यात उतरू नका. गुडघाभर वाहतं पाणीही धडधाकट माणसाचा पाय उचलतं. पाण्याखाली गेलेल्या पुलावरून दुचाकी घालू नका, कारण खालचा रस्ता जागेवर आहे की नाही हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, आणि अंधारात एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. बोटीत बसायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेट मागा. बोटवाला "बास" म्हणाला की पुढच्या फेरीची वाट बघा.

हे नंबर लिहून घ्या: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिका १०८, गरोदर माता आणि बाळासाठी १०२.

निवारा केंद्रात

शाळेत किंवा मंगल कार्यालयात पोचलात की आधी नाव नोंदवा आणि घरातल्या आजारी माणसांची माहिती वैद्यकीय पथकाला द्या. पिण्याचं पाणी कुठलं आणि वापरायचं कुठलं, हे विचारून घ्या. शंका असेल तर उकळा किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुणं, या एका सवयीनं निवारा केंद्रातले निम्मे आजार टळतात हा आमचा कामातला अनुभव आहे.

जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि घोट घोट पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त होता कामा नये. लहान मुलांना आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या.

बायकांनी पहिल्याच दिवशी चार-पाच जणींचा गट करावा. संडासाकडे जाण्याच्या वाटेवर दिवा, आतून कडी आणि मुलींसाठी वेगळी आंघोळीची जागा, हे मागायला लाजू नका. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. निवारा केंद्रात जातीवरून वेगळी पंगत, वेगळं पाणी किंवा "तुम्ही तिकडच्या खोलीत बसा" असं झालं तर तो गुन्हा आहे. संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट झालेली आहे. जागेवर भांडण न वाढवता वेळ, ठिकाण आणि साक्षीदार लिहून ठेवा, तहसीलदारांना लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या.

पाणी ओसरल्यावर

आमच्या अनुभवात आजारपणाचा खरा हंगाम इथं सुरू होतो. घरात दिवसाउजेडी जा. आधी काठीनं ठोकत कोपरे, भांडी, गाद्या बघा, कारण साप-विंचू कोरड्या जागेसाठी घरातच आलेले असतात. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथं मोफत मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

वायरमननं तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. पुराचं पाणी लागलेलं धान्य, पीठ, भाजी आणि औषधं टाकून द्या. मन तयार होत नाही, पण त्या पाण्यात संडासाचं आणि मेलेल्या जनावरांचंही पाणी असतं. फरशी आणि भिंती ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा. त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं औषध मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. विहीर आणि टाकीत औषध टाकायचं काम जलसुरक्षकाकडून करून घ्या, आणि तोवर ते पाणी पिऊ नका.

चिखलात सगळ्यांत मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतले जंतू चिखलात असतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. चिखलात काम केल्यावर पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांमध्ये खूप दुखणं, डोळे लाल होणं किंवा कावीळ दिसली तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात काम केलं" हे आवर्जून सांगा. या आजाराला आळा घालणाऱ्या गोळ्या आरोग्य कर्मचारी देतात. त्या त्यांच्या सल्ल्यानंच घ्या, कारण गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं. जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आठवड्याभरात साचलेलं पाणी, टायर, नारळाच्या करवंट्या रिकाम्या करा, म्हणजे डेंग्यूचे डास वाढणार नाहीत.

गाव आणि शहर साफ करायला पहिल्यांदा चिखलात उतरतात ते सफाई कामगार, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच घरांतले. गमबूट, हातमोजे, साबण आणि लेप्टोची गोळी मिळाल्याशिवाय त्यांना कामावर उतरवू नये, ही मागणी युनियननं आणि वस्तीनं मिळून करायला हवी. अनवाणी माणसाला चिखलात उतरवणं ही सेवा नाही.

आणि मनाचंही बघा. झोप न लागणं, पावसाच्या आवाजानं दचकणं, सारखं रडू येणं, दारू वाढणं हे पुरानंतर अनेकांना होतं. महिनाभरात कमी झालं नाही तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं.

वर्षावासात एवढं करू या

आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावास सुरू होतो, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं, संध्याकाळी सगळी वस्ती एकत्र बसते. पूर येतो तोही याच दिवसांत. पहिल्याच आठवड्यात वाचनानंतरची अर्धी तास आपण या कामाला देऊ या.

विहाराच्या फळ्यावर तीन यादी लिहा. पहिली, वस्तीतल्या प्रत्येक घराचा आणि रस्त्याचा आकडा. दुसरी, ज्यांना उचलून न्यावं लागेल अशी माणसं आणि त्यांच्यासाठी ठरवलेले दोन-दोन तरुण. आजाराचं नाव मात्र फळ्यावर लिहायचं नाही. तिसरी, जागेची: कुठलं घर कुठल्या पाहुण्याकडे, कुठल्या शाळेत जाणार. विहार स्वतः उंचावर आहे का, हेही तपासा. विहाराचं जोतं २०१९ किंवा २०२१ च्या खुणेच्या खाली असेल तर तिथं आसरा घ्यायचा नाही. तिथली पुस्तकं आणि मूर्तीही आधीच हलवायची.

रोज सकाळ-संध्याकाळ बंधाऱ्याचा किंवा पुलाचा आकडा फळ्यावर लिहायचं काम आठवी-नववीतल्या दोन मुलींकडे द्या. आम्ही काही वस्त्यांत हे करून पाहिलं आहे. मुली आकडा कधी चुकवत नाहीत. आणि पोरीनं फळ्यावर ४० लिहिलं की मोठी माणसंही पिशवी खिळ्यावरून काढतात.